गंधाची वाटी

मागच्या हिवाळ्यात नंदुरबारच्या एका व्याख्यानमालेत एका प्राध्यापकांनी आफ्रिकेतल्या एका पुढाऱ्यावर तासभर भाषण केलं. 'मुक्तिदाता की हुकूमशहा?' असा विषय होता. आधी देश सोडवणारा आणि मग त्याच देशातले तुरुंग भरणारा माणूस. प्राध्यापकांनी दोन्ही बाजू मांडल्या, 'शेवटी इतिहासच काय ते ठरवील' असं म्हणून पाण्याचा पेला उचलला, आणि टाळ्या झाल्या. मागच्या रांगेत बसलेल्या मी मात्र त्या वाजवल्या नाहीत. त्या पुढाऱ्याबद्दल माझं वेगळं काही म्हणणं होतं असं नाही. त्याचं नावही मी इथे लिहिणार नाही, कारण ही गोष्ट त्याची नाही. पण त्याचं नाव कानावर पडलं की मला आजही मान वर करवत नाही. त्याचं जे काही मूल्यमापन व्हायचं, ते आमच्या गावात जिनिंगच्या एका फिटरने फार पूर्वी करून ठेवलं होतं. त्या फिटरचं नाव नथ्थूभाई. मी त्यांना मामा म्हणत असे, म्हणजे सोयीचं असेल तेव्हा.

ते काही माझे सख्खे मामा नव्हते. माझी आई कोरीटची, आणि नथ्थूभाईही कोरीटचे, गुजर. आमच्याकडे आईच्या गावचा प्रत्येक पुरुष मामा, मग तो कुठल्या का जातीचा असेना. त्यातून आईला सख्खा भाऊ नव्हता, त्यामुळे राखीपौर्णिमेला ती यांनाच ओवाळायची. तरुणपणी ते आफ्रिकेत गेले, तिथे कापसाच्या जिनिंगमध्ये पंधरा-सोळा वर्षं फिटर म्हणून राहिले. बायको तिथेच वारली, मूलबाळ नव्हतं. साठ सालानंतर दोनेक वर्षांनी परत आले ते आमच्या तापीकाठच्या गावातल्या जिनिंगमध्येच नोकरीला लागले. गाव त्यांना 'आफ्रिकावाला' म्हणे. लोकांना वाटलं होतं, माणूस सोनं घेऊन आला असेल. त्यांच्या पेटीत निघाले पान्यांचे दोन संच, एक रेघारेघांचा कोट आणि वर्तमानपत्रातून कापलेला एका हसऱ्या, काळ्या माणसाचा फोटो.

सकाळी सहाला आंघोळ करून ते देवापुढे बसत. एका पितळी वाटीत चंदनाचं गंध उगाळलेलं असे. आधी देवाला, मग स्वतःच्या कपाळाला एक ठसठशीत टिळा, आणि मग जिनिंग. हा टिळा दिवसभर घामात, कापसाच्या धुळकट कस्तरात टिकून असायचा. काम करण्याची त्यांची एक तऱ्हा होती. यंत्र बिघडलं की मजूर धावत येऊन सांगत, अमुक मोडलं, तमुक अडकलं. मामा हात वर करून त्यांना थांबवत.

"पहिले काय चालस ते सांग. बिघडेल ते मी शोधी लिसु."

मग लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक यंत्राला आणि मूठ कानाला लावून ते डोळे मिटून ऐकत. रोलर ठीक आहे, पट्टा ठीक आहे, असं एकेक मोठ्याने म्हणत जात, आणि शेवटी नेमकं दुखणं सांगत. मालक वैतागायचा, पण त्यांनी हात लावलेलं यंत्र हंगामभर कुरकुरत नसे.

यंत्रांपुरतं हे ठीक होतं. पंचाईत अशी, की मामा माणसांनाही तोच नियम लावत, आणि तोही मेलेल्या माणसांना. आमच्याकडे कुणी गेलं की घरचे पुरुष ओट्यावर चटई टाकून बसतात आणि गाव त्यांच्या 'दारावर' जातं. खांद्यावर पांढरं उपरणं टाकायचं, घटकाभर बसायचं, 'देवनी मर्जी' म्हणायचं, मेलेल्याचे दोन गुण गायचे आणि उठायचं. शेवटच्या दिवशी नात्यातला, पण बाहेरच्या घरचा कुणीतरी येऊन बसलेल्या माणसाच्या कपाळाला गंध लावतो. मामा असेल तर मामा, नाहीतर भाचा. ते स्वतःच्या हाताने लावून चालत नाही. दुसऱ्याने गंध लावल्याशिवाय सुतक फिटत नाही, माणूस पुन्हा चारचौघांत येत नाही.

तर मामा असेच एका वाण्याच्या दारावर गेले, मीही बरोबर होतो. वाणी त्यांचा दोस्त, रोज संध्याकाळी दोघे एकाच बाकावर बसत. सगळ्यांनी गुण गाऊन झाल्यावर मामा म्हणाले, "त्यानं माप सोळा आणे खरं व्हतं. गावमा असं माप कोनंच नही." लोकांनी माना डोलावल्या. "पन सख्खा भाऊना पोऱ्यासले त्यानी एक दिन बी जेवाले बलावं नही. तेबी खरंच शे."

वाण्याचा मुलगा लाल झाला. कुणीतरी खाकरलं. तेवढ्यात दाराआडून वाण्याच्या म्हाताऱ्या बहिणीचा आवाज आला, "बोलू द्या त्याले. मन्हा भाऊले तोच एक वळखे." आणि ती जी रडायला लागली, ती चार दिवसांत पहिल्यांदाच रडली असं नंतर बायका सांगत.

मी घरी येताना त्यांना म्हणालो, "मामा, कशाले हाई? मरेल मानूसनं वंगाळ कोनी बोलस का?"

"परका दारवर चांगलंच बोलनं पडस, भाचा," ते म्हणाले. "पन आपला मानूस गया म्हनजे दोन्ही बोलो. नहीतर अर्धंच मढं जळस."

तेव्हा मी गावच्या हायस्कुलात इतिहास-भूगोल शिकवत होतो. धुळ्याहून बी.ए. होऊन आलेला, सव्वीस वर्षांचा, आणि स्वतःला फार सुधारलेला समजणारा. शाळा समितीचे चेअरमन माझे वडील, म्हणजे आबा. त्यांनीच जमीन देऊन शाळा उभी केली होती, हे त्यांचं मोठेपण कुणी नाकारणार नाही. नोकरीत मी अजून कायम झालो नव्हतो.

फळ्यावर आफ्रिकेचा नकाशा काढायचा असला की मी मामांकडे जायचो. एकदा मी भिंतीवरच्या त्या फोटोबद्दल विचारलं. त्या पुढाऱ्याला ते 'आमना मोठाभाऊ' म्हणत. तो पुढारी व्हायच्या आधी त्यांच्या जिनिंगजवळ झाडाखाली सभा घ्यायचा, आणि मामांनी एकदा त्याच्या सायकलची चेन बसवून दिली होती, एवढीच ओळख. पण फोटो लावण्याचं कारण वेगळं होतं.

"जिनमा पानीना तीन ड्रम व्हतात," मामांनी सांगितलं. "एक गोरासना, एक आपला, एक त्यासना. एक दिन हाऊ मोठाभाऊ सरळ आत उना. गोरासना ड्रमवर गया नही, आमनावर बी नही. त्यासना ड्रमवरथीन ग्लास भरा, अर्धा पिना आनि बाकीना मन्हा पुढे धरा. मी अकरा वरीस तठे काम करं, भाचा. त्यासना हातनं पानी मी पिधं नव्हतं. मी, जो गोरासना नावे बोटे मोडे!"

"मग?"

"मंग काय? पिधं. पन त्यानी ग्लास धरा नसता ते कवयच पिधं नसतं. हाई लाज मी आठे लई उनू."

आणि मग, यंत्राचा नियम आठवल्यासारखे, त्यांनी दुसरंही सांगितलं. त्यांच्या काट्यावर कापूस तोलणारा जोसेफ नावाचा माणूस होता. मामांना तिथली भाषा त्यानेच शिकवली, बायको आजारी असताना त्याच्याच बायकोने रात्री जागवल्या. मोठाभाऊ गादीवर आल्यावर जोसेफ मजुरांच्या सभेत त्याच्याविरुद्ध बोलला. दुसऱ्या दिवशी शिपाई त्याला घेऊन गेले. खटला नाही, कागद नाही. वर्षभराने त्याच्या बायकोला त्याचे बूट परत मिळाले. त्यानंतर मामांचं मन तिथे लागेना, म्हणून ते परत आले.

"आणि तरी फोटो भिंतीवर?" मी विचारलं.

"ग्लास बी त्यानीच दिन्हा, बूट बी त्यानीच धाडात. कोनतं खोटं शे त्यामातलं?"

प्राध्यापकांनी तासभर जे सांगितलं, ते हे एवढंच.

पाण्याची ही गोष्ट ऐकली तेव्हा मी भारावून गेलो होतो, आणि गंमत म्हणजे माझ्याच शाळेच्या ओसरीत तेव्हा दोन माठ होते. एक आपल्या मुलांचा, दुसरा मागच्या बाजूला, सातपुड्यातून बोर्डिंगला आलेल्या भिल्ल मुलांचा. मला ते दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं, पण सवयीचं झालं होतं. मामांना मात्र शाळेत पाऊल टाकलं त्या पहिल्याच दिवशी दिसलं. जिनिंगमधला एक ड्रम त्यांनी घासूनपुसून घेतला, आतून कल्हईवाल्याकडून नीट करवला, बाहेरून निळा रंग दिला, एकच पितळी नळ बसवला आणि शाळेला भेट दिला. आबांनी सभा घेऊन त्यांचा नारळ-टोपी देऊन सत्कार केला. आठ दिवसांनी ड्रम आपल्या मुलांचा झाला आणि मागचा माठ होता तिथेच राहिला. भिल्ल मुलांनी नळाला हात लावू नये, असं शिपायाला बजावणारे आबाच होते.

मामा मला म्हणाले, "भाचा, तू मास्तर शे आनि आबाना पोऱ्या बी. तूच बोल."

"बोलसु ना मामा," मी म्हणालो. मी बोललो नाही. आज बोलू, उद्या बोलू करता करता वर्ष गेलं, आणि मामांनीही पुन्हा विचारलं नाही.

मग एका संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या रेडिओवर बातमी आली. त्या देशात लष्कराने बंड केलं होतं आणि पुढारी मारला गेला होता. कट्ट्यावर बसलेल्यांना त्याचं काही नव्हतं, ते बाजारभावाची वाट पाहत होते. मामा तेवढे उठले आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव बघतं तर काय! नथ्थूभाई ओट्यावर चटई टाकून, खांद्यावर पांढरं उपरणं घेऊन बसलेले. कपाळ कोरं. समोर दोन माणसांची चटई रिकामी. मालकाकडून त्यांनी पाच दिवसांची रजा घेतली होती. गावात हसून हसून मुरकुंडी वळली. आफ्रिकावाला हबशीचं सुतक धरून बसलाय! पोरं ओट्यासमोरून मुद्दाम धावत जायची. म्हातारी माणसं म्हणत, एकटेपणाने डोकं फिरलं. त्यांच्या दारावर कुणीही बसायला गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी आईने मला पाठवलं. मी गेलो, पण संध्याकाळी, गल्लीत माणसं नसताना, आणि उभ्याउभ्याच. मामांनी तक्रार केली नाही. एवढंच म्हणाले, "पाचवा दिनले कोनी तरी गंध लावाले जोयजे, भाचा. मन्हं आठे कोनी नही. तू येशी ना?"

"मामा, त्यानी तुमना दोस्त मारा," मी म्हणालो. "त्याना सुतकना गंध तुम्हले कसाले जोयजे?"

"जोसेफनं सुतक मी तठे धरं नही. घाबरी गयथू," ते हळूच म्हणाले. "आते दोन्हीसनं धरी लिन्हं. तू फक्त बोट लाव, बाकीनं मी देखी लिसु."

"येसु मामा. शाळा सुटनी की लगेच येसु," मी म्हणालो. माझा हात त्यांनी दोन्ही हातांत धरून जरा दाबला.

पाचव्या दिवशी शाळेत तपासणीसाहेब आले होते. माझ्या कायम होण्याचा शेरा तेच लिहिणार होते. चारनंतर हेडमास्तरांच्या खोलीत चहा चालला होता. साहेब, आबा, चार शिक्षक आणि मी. साहेबांनी बाजारात गोष्ट ऐकली होती. बशीतला चहा फुंकत ते म्हणाले, "काय हो, तुमच्या गावात कुणी आफ्रिकेतल्या पुढाऱ्याचं सुतक धरलंय म्हणे?"

आबा हसले. "हाई या मन्हा पोऱ्याले इचारा, साहेब. त्याना मामा शे तो!"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझे कान तापले. आणि मी म्हणालो, "कसला मामा, साहेब! गावातलं आपलं म्हणायचं." एवढ्यावर थांबलो असतो तरी पुष्कळ होतं. पण साहेब हसले, आणि मला जोर चढला. मी खुर्चीवर मामांसारखा ताठ बसलो, हातरुमाल खांद्यावर टाकला, फूटपट्टी कानाला लावली, डोळे मिटले आणि त्यांच्या आवाजात म्हणालो, "पहिले काय चालस ते सांग! नहीतर अर्धंच मढं जळस!" खोली हसण्याने दणाणली. साहेबांच्या बशीतला चहा सांडला. मी पुन्हा म्हणून दाखवलं.

डोळे उघडले तर दारात मामा उभे होते.

शाळा सुटून अर्धा तास झाला होता. मी विसरलो असेन, म्हणून ते स्वतः बोलवायला आले होते. सुतकातला माणूस कुणाचा उंबरा ओलांडत नाही, म्हणून ते बाहेरच थांबले होते. खांद्यावर उपरणं आणि हातात ती पितळी वाटी, तिच्यात गंध उगाळून तयार. वाटेत सांडू नये म्हणून वर तळहात धरलेला. हसणं एकदम थांबलं. मामांनी एकदा माझ्याकडे, माझ्या हातातल्या फूटपट्टीकडे पाहिलं.

"काम चालू शे का, मास्तर?" ते म्हणाले. "चालू द्या."

आणि ते वळले. निळ्या ड्रमाजवळून, ओसरीवरून, पाठ ताठ ठेवून ते चालत गेले. मी त्यांच्यामागे धावायला हवं होतं. वीस पावलांचं अंतर होतं. मी साहेबांच्या बशीखालचं टेबल पुसलं आणि बिस्किटांची ताटली पुढे केली. पुढच्या महिन्यात मी कायम झालो.

माफी मागायला मी गेलो नाही. लाज वाटत होती, आणि लाज वाटली की माणूस तोंड चुकवतो. तोंड चुकवता चुकवता ते अंगवळणीही पडतं. मामा सहाव्या दिवशी कामावर गेले. त्यांची आंघोळ, देवपूजा, सगळं पूर्वीसारखं चालू होतं, असं आई सांगायची. फक्त देवाला गंध लावून झालं की ते वाटी खाली ठेवत. स्वतःच्या कपाळाला त्यांनी पुन्हा टिळा लावला नाही. हंगाम संपल्यावर ते धानोऱ्याला कामाला गेले. राखीपौर्णिमेला आईकडे येत, पण मी शाळेत असेन अशा वेळी.

दोन-अडीच वर्षांनी आबा गेले.

आबांच्या दारावर अख्खा तालुका लोटला. भाषणं चालल्यासारखे गुण गायले जात होते. तिसऱ्या दिवशी दुपारी ओट्यासमोर एक सायकल थांबली, आणि खांद्यावर उपरणं टाकलेले मामा उतरले. ओट्यावरची कुजबुज बंद पडली. त्यांची तऱ्हा सगळ्यांना ठाऊक होती. माझे चुलते अस्वस्थ होऊन माझ्याकडे बघायला लागले. मी मात्र आतून वाट पाहत होतो. त्यांनी सगळ्यांसमोर तो ड्रम काढावा, तो मागचा माठ काढावा, असं मला मनापासून वाटत होतं. मी कधी बोललो नव्हतो ते त्यांनी बोलावं आणि मी खाली मान घालून ऐकावं, एवढी तरी शिक्षा मला व्हावी, असं वाटत होतं.

मामा चटईवर बसले. मग हात जोडून म्हणाले, "आबा मोठा मनना मानूस व्हतात. गावले शाळा दिन्ही. देवनी मर्जी."

बस्स. माझ्या चुलत्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मी थांबलो, अजून काही येईल म्हणून. आलं नाही.

शेवटच्या दिवशी ते पुन्हा आले. गंध लावायला मामा लागतो, आणि आईला दुसरा भाऊ नव्हता. आईने निरोप पाठवला होता की नाही मला माहीत नाही. निरोपाशिवायही ते आले असते. पिशवीतून त्यांनी तीच पितळी वाटी काढली, पाण्याचे चार थेंब घालून गंध कालवलं, आणि माझ्या डोक्याला मागून डाव्या हाताचा आधार देऊन उजव्या हाताच्या बोटाने माझ्या कपाळावर नीट, सरळ टिळा ओढला. माझ्या डोक्यावर नवी टोपी ठेवली. त्यांचं तोंड माझ्यापासून वीतभर अंतरावर होतं. कपाळ कोरं होतं.

मी त्यांना पोचवायला गावाबाहेरच्या वडापर्यंत गेलो. सायकल त्यांनी हातात धरली होती. शेवटी मी धीर करून विचारलं, "मामा, आबानं दुसरं काहीच बोलनात नही तुम्ही. तो नळ... तो मांगला माठ..."

मामांनी उपरण्याने वाटी आतून पुसली आणि पिशवीत ठेवली.

"परका दारवर चांगलंच बोलनं पडस, मास्तर," ते म्हणाले. रागाने नाही, यंत्राबद्दल सांगत तसंच.

मग सायकलवर टांग टाकून ते धानोऱ्याच्या रस्त्याला लागले. ते दिसेनासे होईपर्यंत मी तिथे उभा होतो. माझ्या कपाळावरचं गंध अजून ओलं होतं.